जुनी गाडी घेतली आणि बिघाड निघाला. नट खोलण्याआधी काय करायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही ऑटो कन्सल्टंटकडे जुनी गाडी बघायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "दादा, इंजिन-गिअरबॉक्सची तीन महिने गॅरंटी आपली." सौदा ठरतो, टोकन दिलं जातं, गाडी दारात येते. मे महिन्यात ती गरम व्हायला लागते. फोन केला की उत्तर येतं, "इंजिन चालू आहे ना? मग? रेडिएटर गॅरंटीत येत नसतो." कन्सल्टंट खोटं बोलतो आहे असंही नाही आणि गाडी घेणारा अडून बसला आहे असंही नाही. गॅरंटीत कोणते भाग येतात, किती दिवस, कोणत्या गॅरेजात, किती रकमेपर्यंत, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

जुन्या गाडीच्या क्लेमचा निकाल बहुतेक वेळा दोन ठिकाणी लागतो. एक, गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात जमवलेल्या कागदांवर. दुसरं, बिघाड दिसल्यानंतरच्या पहिल्या तासात तुम्ही काय केलं त्यावर. फोनवरची वादावादी त्यानंतरची.

हमी कोणाची, ते आधी ओळखा

"गाडीला वॉरंटी आहे" या एका वाक्याखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी खपतात.

सगळ्यात भरवशाची ती कंपनीची उरलेली वॉरंटी. ती चेसिस नंबरला जोडलेली असते, म्हणून मालक बदलला तरी सहसा चालू राहते आणि देशभरात त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला चालते. गाडी सुरतेहून आणलेली असली तरी काम धुळ्यात होतं. मोजणी मात्र पहिल्या मालकाला डिलिव्हरी मिळाली त्या तारखेपासून होते. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ वॉरंटी दोन वर्षं किंवा ४०,००० किमीवरून तीन वर्षं किंवा १ लाख किमी केली. म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये डिलिव्हरी झालेल्या गाडीची वॉरंटी ऑगस्ट २०२७ पर्यंत जाते, किलोमीटर लाखाच्या आत असले तर. त्याच मॉडेलची मार्च २०२४ ची गाडी जुन्या दोन वर्षांवरच थांबते. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, म्हणून मॉडेलचं वर्ष विचारून भागत नाही, पहिल्या डिलिव्हरीची तारीख बघावी लागते. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीची वॉरंटी वेगळी आणि लांब असते. नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी अशी वॉरंटी आली. पण काही योजनांतल्या सवलती फक्त पहिल्या मालकापुरत्या असतात. तेव्हा दुसऱ्या मालकाला नेमकं किती उरतं, हे सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर लिहून घ्या.

पहिल्या मालकाने पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी आपोआप तुमच्या नावावर येईलच असं नाही. बहुतेक ठिकाणी अर्ज, आरसीची प्रत आणि कधीकधी थोडी फी भरून ती नावावर करून घ्यावी लागते, आणि त्याला मुदतही असू शकते. हे काम विसरल्यामुळे पैसे भरलेली, चालू असलेली वॉरंटी वाया जाते.

कंपन्यांचे स्वतःचे जुन्या गाड्यांचे विभाग आहेत. मारुतीचं ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाईचं एच-प्रॉमिस, टोयोटाचं यू-ट्रस्ट. यांची हमी म्हणजे वेगळं पुस्तक, वेगळे नियम. त्याच आवारात सर्टिफिकेट नसलेल्या गाड्याही उभ्या असू शकतात, म्हणून दुकानाच्या पाटीवर जाऊ नका, तुमच्या चेसिस नंबरचं प्रमाणपत्र हातात घ्या. ॲपवरून नाशिक, पुणे किंवा सुरतेची गाडी मागवली असेल तर दोन गोष्टी वेगळ्या धरा: काही दिवसांत गाडी परत करण्याची सोय, आणि त्यानंतरची वॉरंटी. परत करण्याचे दिवस डिलिव्हरीपासून मोजले जातात आणि त्यात किलोमीटरचीही मर्यादा असते. ते दिवस पाहुण्यांना गाडी दाखवण्यात घालवू नका. त्यातच सगळी तपासणी उरका.

खानदेशात सर्वाधिक चालते ती कन्सल्टंटची तोंडी हमी, आणि तिच्यात काहीच ठरलेलं नसतं. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं आहे. ते फॉर्म २९बी मध्ये मिळतं आणि पाच वर्षं चालतं. मूळ मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये द्यायची असते. हे दोन कागद मागायला लाजू नका. ज्याच्याकडे ते आहेत, त्याला पुढे "मी नुसता मधला माणूस, मालकाशी बोला" असं म्हणता येत नाही.

आणि ओळखीतून, गावातल्या सरांकडून किंवा नात्यातून घेतलेली गाडी? तिथे वॉरंटी नाहीच. किंमत ठरवतानाच पुढच्या दुरुस्तीचे पैसे धरून चला.

कागदावर काय लिहून घ्यायचं

डिलिव्हरीच्या वेळी जी छापील चिठ्ठी पुढे येते, तिच्यात "गाडी बघून, चालवून, पसंत करून आहे त्या स्थितीत घेतली" ही ओळ असतेच. सही करण्याआधी तिच्याखाली हमीचा मजकूर हाताने लिहून घेतला तरी चालतो. रक्कम मोठी असेल तर ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घ्या. मजकूर साधारण असा:

"वाहन क्र. एमएच-१९-…, चेसिस क्र. …, डिलिव्हरी दि. …, रीडिंग … किमी. इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, इंजेक्टर, वॉटर पंप, रेडिएटर व फॅन, एसी कंप्रेसर, स्टीअरिंग रॅक, अल्टरनेटर व स्टार्टर या भागांत ९० दिवस किंवा ५,००० किमी, जे आधी होईल तोपर्यंत, अपघाताशिवाय दोष निघाल्यास सुटे भाग व मजुरीसह दुरुस्ती विक्रेता … येथील गॅरेजात करून देईल. कळवल्यापासून ७ दिवसांत काम सुरू न झाल्यास ग्राहक अधिकृत सर्व्हिस सेंटरला दुरुस्ती करेल व बिलाची रक्कम विक्रेता देईल. वाहन पाण्यात बुडालेले नाही, मीटर मागे घेतलेले नाही, एअरबॅग उघडलेल्या नाहीत."

शेवटचं वाक्य सर्वात मोलाचं आहे. दोष निघाला की "मला काय माहीत" असं म्हणता येतं, पण लेखी दिलेलं विधान खोटं ठरलं तर ती फसवणूक होते, आणि फसवणुकीपुढे "आहे त्या स्थितीत" ही ओळ टिकत नाही. सुरत किंवा मुंबईकडून आलेल्या गाडीत पुराचा प्रश्न खरा असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहा, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गंज आहे का पाहा, डॅशबोर्डखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का ते टॉर्च लावून बघा.

हमी "इंजिनची" असं नुसतं लिहू नका. वॉटर पंप, फॅन आणि इंजेक्टर इंजिनवरच बसलेले असले तरी वादाच्या वेळी ते इंजिन धरले जात नाहीत. प्रत्येक भागाचं नाव हवं.

हमीत काय बसत नाही, आणि का

वॉरंटीचा मूळ अर्थ एवढाच की चांगला असलेला भाग नेहमीच्या वापरात अचानक निकामी झाला तर तो दुरुस्त करून मिळेल. वापराने झिजणारं सामान त्यात बसत नाही: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, वायपर, बल्ब, रबरी बुश. आपल्याकडे सर्वाधिक तंटे क्लच आणि सस्पेन्शनवरून होतात, आणि तिथे ग्राहकाची बाजू बहुतेक वेळा पडते. म्हणून क्लच गाडी घेण्याआधीच तपासा. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर ठीक. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे, तेवढे पैसे किमतीतून कमी करा. ही चाचणी एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०२३ ची आणि चारही टायर २०२१ चे असतील तर ते बहुधा दुसऱ्या गाडीचे आहेत. बॅटरीची वॉरंटी बॅटरी कंपनीची असते, तिच्या सीरियल नंबरावर चालते, त्यामुळे तिचं कार्ड गाडीसोबत मागून घ्या.

एसीबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत तो चैनीचा भाग नाही. एसीची परीक्षा संध्याकाळी चालत्या गाडीत घेऊन काही कळत नाही. भर दुपारी, उन्हात, गाडी उभी ठेवून वीस मिनिटं एसी चालू ठेवा. चालताना गार आणि उभं राहिलं की गरम, असं झालं तर दोष बहुधा कंडेन्सरच्या फॅनचा किंवा कंडेन्सरमध्ये अडकलेल्या मातीचा आहे. उभी असो की चालती, दोन्ही वेळा कोमट हवा येत असेल तर गॅस कमी आहे किंवा कंप्रेसर थकला आहे. फरक महत्त्वाचा आहे. कंप्रेसर आतून निकामी झाला तर तो बहुतेक हमीत येतो, पण दगड लागून कंडेन्सर फुटला तर ते "बाहेरून झालेलं नुकसान" म्हणून नाकारलं जातं. नुसता गॅस भरून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला आधी गळती शोधायला सांगा. बंद नळ्यांतला गॅस आपोआप संपत नाही. गळती तशीच राहिली तर तीन महिन्यांत गॅस पुन्हा उडतो, आणि तोवर हमीची मुदत संपलेली असते.

डिझेल गाडीत इंजेक्टर आणि टर्बो ही मोठी बिलं. इंजेक्टर पाणीमिश्रित किंवा भेसळीच्या डिझेलने गेले तर वॉरंटी हात वर करते, म्हणून पंपाची बिलं ठेवा आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळेवर काढून घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो. गाडी रोज बाजारापर्यंत आणि परत एवढीच फिरली तर तो काजळीने भरतो. दिवा लागला की महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवली तर बहुतेक वेळा काजळी जळून दिवा जातो. दिवा लागलेला असताना आठवडाभर दुर्लक्ष केलं तर पुढचा खर्च तुमचा.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, बदललेलं सायलेन्सर, वायरिंग कापून लावलेले दिवे आणि साउंड सिस्टम, यांनी कंपनीच्या वॉरंटीत भोक पडतं. प्रवासी वाहतूक केली तरी तेच. सीएनजी किट असेल तर आरसीवर इंधनाची नोंद आणि सिलिंडरच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या हायड्रो टेस्टचं प्रमाणपत्र, दोन्ही बघा.

रकमेचंही गणित असतं. समजा गिअरबॉक्सचा खर्च ४८,००० निघाला, त्यात भाग ३६,००० चे, मजुरी ९,०००, ऑइल आणि पॅकिंग ३,०००. वॉरंटीच्या पुस्तकात "एका क्लेमला कमाल ३०,०००, ऑइल वगैरे वगळून" असं असेल तर १८,००० तुमच्या खिशातून जातात, आणि त्यात फसवणूक कुणाचीच नसते. हा आकडा पुस्तकात एका बारीक ओळीत असतो. गाडी घेण्याआधी तीच ओळ शोधा.

पहिला आठवडा

आधी परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा, विमा, फिटनेस आणि थकलेली ई-चलानं बघा. आरसी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला फॉर्म ३५, परराज्यातली गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. नाही केला तर समोरच्याच्या नुकसानीची जबाबदारी विमा उचलतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकतात. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम वाढतो, हेही धरून चला.

मग गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि नंबरावरून जुनी सर्व्हिस हिस्टरी मागा. प्रत्येक नोंदीसमोर किलोमीटर असतात. मागच्या वर्षी ७८,००० आणि आज ५४,००० दिसत असतील तर मीटर मागे घेतलेलं आहे. अशी गाडी कंपनीच्या वॉरंटीत राहात नाही. हे पहिल्या आठवड्यात कळलं तर पैसे परत मागायला जोर असतो, सहा महिन्यांनी कळलं तर तो ओसरतो.

तिथेच स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे सगळे कोड छापून घ्या, गाडी उचलून खालून पाहा, आणि हे सगळं तारीख आणि रीडिंगसह जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, येऊ द्या. थोडे पैसे जातील, पण "गाडी घेतली तेव्हा ही अशी होती" याचा तिसऱ्या माणसाचा लेखी पुरावा हाच. पुढे कोणी म्हटलं की तुम्ही घाटात गाडी रगडली म्हणून बिघडली, तर हा कागद बोलतो.

त्याच वेळी ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदलून घ्या. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागतं, दीड लिटरच्या डिझेलला साडेचार ते साडेपाच. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. बिलावर ऑइलचा ग्रेड लिहायला सांगा. वेळेवर सर्व्हिस केल्याची बिलं नाहीत, हे क्लेम नाकारण्याचं सर्वात सोपं कारण आहे.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी अजिबात टाकू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. माठावर जसा पांढरा थर चढतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या हेडभोवतीच्या पोकळीत चढतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट. रस्त्यात अडलात तर आरओचं पाणी त्यातल्या त्यात बरं, नंतर कूलंट बदलून घ्यायचं. क्लेमच्या वेळी सर्व्हिस सेंटर टाकीचं झाकण काढून रंग बघतं. तांबूस, गंजलेलं पाणी दिसलं की पुढचं वाचायची गरज त्यांना उरत नाही.

बिघाड निघाला, आता पहिला तास

गाडी गरम होण्याचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्या उन्हाळ्यात तेच जास्त घडतं आणि तिथेच क्लेम सर्वात जास्त बुडतात. एरंडोल सोडलं आणि पारोळ्याच्या आधी तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. कारण लहान आहे: वॉटर पंप गळतो आहे. तो भाग हमीत आहे. पण "एवढं पारोळ्यापर्यंत नेऊ" म्हणून दहा-बारा किलोमीटर रेटली, तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं, कूलंट ऑइलमध्ये उतरतं. आता पाच-सात हजारांचं काम चाळीस-पन्नास हजारांवर गेलं, आणि वाढलेला खर्च "चालकाच्या दुर्लक्षामुळे" म्हणून नाकारला जातो. हमी पंपाची होती, लाल काट्यावर गाडी चालवण्याची नव्हती.

म्हणून काटा चढला की एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. डॅशबोर्डचा फोटो घ्या, त्यात काटा, किलोमीटर आणि पेटलेले दिवे दिसू द्या. बोनेट उघडून खाली कुठे गळतं आहे त्याचा व्हिडिओ घ्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उडतं. मग आहे तिथूनच वॉरंटीवाल्याला व्हॉट्सॲप करा: गाडी नंबर, रीडिंग, वेळ, ठिकाण, काय दिसलं. फोनही करा, पण फोननंतर "आत्ता बोलल्याप्रमाणे" असा मेसेज टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जवळच्या मिस्त्रीला काहीही खोलू देऊ नका. त्याच्या हाताबद्दल शंका नाही, आपल्याकडच्या कितीतरी मिस्त्रींचा हात शोरूमपेक्षा चांगला आहे. पण क्लेम मंजूर करणाऱ्याला निकामी भाग जागेवर, खोलण्याआधी बघायचा असतो. भाग काढून पोत्यात भरून नेला तर तो याच गाडीचा, याच कारणाने गेलेला, हे सिद्ध करता येत नाही. तसंच बॅटरीची वायर काढून "दिवा घालवून" घेऊ नका. इंजिनचा दिवा लागतो त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि कूलंटचं तापमान गाडीचा कॉम्प्युटर कोडसोबत साठवतो. तुम्ही वेळेवर थांबलात याचा पुरावाही त्यातच असतो. कोड पुसला की तो गेला.

गाडी टो करून न्यायचा खर्च कोणाचा, हे पुस्तकात बघा. शहादा, तळोदा, चोपडा किंवा मुक्ताईनगरच्या माणसाला हा प्रश्न मोठा आहे, कारण मान्यताप्राप्त वर्कशॉप धुळ्याला किंवा जळगावला असतं, आणि पुण्याहून घेतलेल्या गाडीचं तर कधी पुण्यालाच. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर ते वापरा.

वर्कशॉपला जॉब कार्डवर लक्षण लिहा, निदान लिहू नका. "वॉटर पंप बदला" असं लिहिलं आणि दोष थर्मोस्टॅटचा निघाला तर गोंधळ होतो. "५० किमी चालल्यावर काटा लालपर्यंत गेला, उजव्या बाजूने कूलंट गळतं" असं लिहा. गिअरबॉक्स असेल तर "गाडी गरम झाल्यावर दुसरा गिअर टाकताना कर्र आवाज". सही केलेली प्रत घ्या. तपासणीसाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलायचा असेल तर आधी विचारा: क्लेम नाकारला गेला तर खोलण्या-बसवण्याची मजुरी किती? ती बहुधा तुमच्या माथी येते, आणि गाडी सुटी पडलेली असताना घासाघीस करता येत नाही.

त्यानंतर वर्कशॉप फोटो, कोड आणि खर्चाचा अंदाज वरती पाठवतं, कधी तपासनीस येतो, मग मंजुरी येते. मंजुरी लेखी आणि क्रमांकासह हाती आल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. "करून घ्या, बघू नंतर" या तोंडी शब्दावर केलेल्या दुरुस्तीचे पैसे सहसा परत येत नाहीत. वॉरंटीत बदललेला जुना भाग कंपनी घेऊन जाते, पण जिथे तुम्ही पैसे दिलेत तो जुना भाग मागून घ्या.

पावसाळ्याचं एक: फरशी पुलावरून जाताना गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हे वॉरंटीत येत नाही, आणि साध्या विम्यातही इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घेतलेलं नसेल तर अडकतं.

नाही म्हटलं तर

नकार लेखी मागा, पुस्तकातल्या कोणत्या कलमाखाली ते विचारा. कारण कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि कित्येकदा लेखी द्यायची वेळ आली की नकार सौम्य होतो. नकार तांत्रिक असेल तर दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपचा लेटरहेडवर अहवाल घ्या.

गाडीवाचून अडत असेल आणि थांबता येत नसेल तर आधी "सात दिवसांत दुरुस्ती सुरू करा, नाहीतर मी करून घेतो व खर्च तुमच्याकडून वसूल करतो" अशी नोटीस ईमेलने आणि पोचपावतीच्या स्पीड पोस्टने पाठवा. दुरुस्ती करताना प्रत्येक भाग निघतानाचे फोटो, जीएसटीचं पक्कं बिल, आणि निकामी भाग चिठ्ठी बांधून जपून. कच्च्या चिठ्ठीवर झालेलं काम पुढे कामाला येत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत तक्रार नोंदवता येते. तिथून विक्रेत्याला विचारणा जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पुण्याच्या विक्रेत्याविरुद्ध जळगावच्या आयोगात जाता येतं, पुण्याच्या चकरा नकोत. गाडीसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही होते. कायद्याने तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. मागताना दुरुस्तीचं बिल, टोइंग, तपासणीचा खर्च आणि त्रासाची भरपाई अशी वेगवेगळी मागा.

ही वाट व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध आहे. स्वतःची घरची गाडी विकणाऱ्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात सहसा जाता येत नाही. त्याने खोटं सांगून फसवलं असेल तर करार कायदा आणि दिवाणी न्यायालय, आणि त्या खर्चात बहुतेक वेळा गाडी दुरुस्त होऊन जाते. अशा ठिकाणी चार माणसांत बसून दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेणं शहाणपणाचं. गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर "व्यापारी हेतू" हा आक्षेप येतो, मात्र स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली एक गाडी त्यातून सुटते.

मुदत संपण्याआधीचे पंधरा दिवस

हमी संपायच्या दोन आठवडे आधी गाडी पुन्हा सर्व्हिस सेंटरला न्या, त्याआधी ती नीट तापवून. चाळीसगावचा कन्नड घाट किंवा धुळ्याचा लळिंग घाट एसी लावून चढवा. कमकुवत कूलिंग, घसरणारा क्लच आणि थकलेला टर्बो सपाट रस्त्यावर लपतात, चढावर दिसतात. ऑइल आदल्या दिवशी डिपस्टिकवर मोजा आणि घाटानंतर गाडी थंड झाल्यावर पुन्हा मोजा. मग जे काही जाणवलं ते, आवाज कितीही बारीक असो, जॉब कार्डवर लक्षण म्हणून लिहून घ्या. मुदतीच्या आत नोंदलेली तक्रार मुदतीनंतर वाढली तर तिला जुन्या तारखेचा आधार मिळतो. "आत्ता काही सापडलं नाही" असा शेरा मारून गाडी परत दिली तरी हरकत नाही, तो शेरा तारखेसह जॉब कार्डवर असू द्या आणि प्रत आरसीच्या फाइलमध्ये लावा.